चावी एकच, गाडी मात्र जुनी

प्रश्न : मानेवाडा भागात एक जुनी गाडी पसंत केली आहे. मालकाकडे चावी एकच आहे. गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते आणि डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकत राहते. ‘बॅटरी उतरली आहे’ असे ते म्हणतात. इसार द्यावा का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : कृपया तूर्त इसार देऊ नका. बॅटरी उतरली असती तर स्टार्टर जड फिरला असता. सुरू होऊन लगेच बंद पडणे आणि ते चिन्ह लुकलुकणे ही इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेची, खूण आहे. चावीच्या मुठीतील चिपला स्वतःची बॅटरी नसते; कुलपाभोवतीच्या कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते, तिचा संकेत जुळला नाही की गाडीतला संगणक इंजिन बंद करतो. दोष चिपमध्ये, कॉइलमध्ये की संगणकात, हे अधिकृत सेवा केंद्रात स्कॅनर लावून तपासून घ्या आणि तो खर्च मालकाने सोसावा, असा आग्रह धरा.

दुसऱ्या चावीचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. ती कोणाच्या हाती आहे हे कळत नाही, आणि गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी बहुधा दोन्ही चाव्या मागते. म्हणून चावी हरवल्याची पोलिसांतील नोंद मागा, नवी चावी जोडताना जुन्या चावीची नोंद संगणकातून पुसून घ्या, चासी क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहा आणि त्यानंतरच मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या करा.