वाचक विचारतात : बाजारात न आलेलं पिनबॉल

शिकागोतला चुलत भाऊ 'क्रल' या चित्रपटावरचं पिनबॉल यंत्र घेतोय. पुढे ते नागपूरला आणायचा विचार आहे. विकणारा म्हणतो, हे यंत्र कधी विक्रीला आलंच नाही. हे खरं की थाप, कसं ओळखायचं?
— एक वाचक, धंतोली

अशी यंत्रं आहेत, हे खरं. 'क्रल' 1983 साली कोलंबिया पिक्चर्सनं आणला आणि गॉटलीब ही पिनबॉल कंपनी तेव्हा कोलंबियाच्याच मालकीची होती. चित्रपट पडला. त्या नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आला, पण पिनबॉल 10 नमुना यंत्रांवर थांबलं. डेटा ईस्ट या दुसऱ्या कंपनीच्या 1990 मधल्या 'किंग काँग'चीही तीच गत, ती तर 9 च बनली. त्यामुळे विकणाऱ्यानं 'प्रोटोटाइप' (म्हणजे नमुना यंत्र) म्हटलं की आधी शंका घ्या, पैशाचं नंतर बोला.

फसवणूक बहुधा अशी असते: कंपनीचं एखादं साधं यंत्र घ्यायचं, त्यावर नवी चित्रं चढवायची. म्हणून भावाला वरचे फोटो नकोत असं सांगा. काच काढून प्लेफील्ड, म्हणजे चेंडू फिरतो ती फळी, उभं करायला लावा आणि खालच्या बाजूचे फोटो मागवा. बुजवलेली भोकं खऱ्या नमुन्यातही असतात, कारण डिझायनर शेवटपर्यंत भाग सरकवत असतो. पण ती आत्ताच्या भागाला लागून, सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरवर असतात आणि तिथली वायर जोड देऊन लांबवलेली दिसते. बुजवलेली भोकं त्या कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या मॉडेलच्या मांडणीशी तंतोतंत जुळली, तर सौदा सोडा. बोर्डावर मागून डकवलेल्या बारीक वायरी आणि चिपवर पेनानं लिहिलेली तारीख ही चांगली चिन्हं, पण एवढ्यावर भरवसा ठेवू नका. पेन कोणाकडेही असतो.

यंत्र आलं की लगेच घरच्या विजेवर लावून बघू का?
— तेच वाचक

नाही. आधी चिप.

अशा यंत्राचा प्रोग्रॅम ईप्रॉम चिपमध्ये असतो, आणि नमुना यंत्राच्या प्रोग्रॅमची दुसरी प्रत जगात असेलच असं नाही. त्या चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते, तिच्यावर स्टिकर. तो काढू नका. उघडी खिडकी थेट उन्हात आठवडाभर राहिली तर आतलं सगळं पुसलं जातं, असं चिप बनवणारेच सांगतात. आपल्या वैशाखात तर प्रयोग नकोच. हाताला अर्थिंगचा पट्टा बांधा, चिप दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलून सॉकेटमधून काढा आणि यूएसबी प्रोग्रॅमरवर तीनदा वाचा. तिन्ही फाइलींचा चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा, एकच आला पाहिजे. वेगळा आला तर पाय काळे पडलेले असतील. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पुन्हा वाचा. 2716 आणि 2732 हे चिपचे दोन प्रकार, 2716 ला 2732 समजून वाचलं तर फाइल तयार होते, पण चुकीची. चिपवरचा नंबर भिंगानं बघा. मूळ चिप मग डबीत ठेवा आणि यंत्रात नवी प्रत घाला.

नंतर बॅटरी. त्या काळच्या गॉटलीब बोर्डावर 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. ती फुटते आणि आतला अल्कली तांब्याच्या रेघा खात जातो. कापून काढा, हिरवट-पांढरा थर पांढऱ्या व्हिनेगरनं पुसा, मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी अल्कोहोल. नवी बॅटरी बोर्डापासून लांब, डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लावून.

आता वीज. यंत्र 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं. आपल्याकडे 230 आणि 50. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (वीज आत येते त्या बाजूला) 220-240 चे टॅप, म्हणजे जोडणीची टोकं, असतील तर जोडणी तिथे बदला, काम संपलं. नसतील तर किमान 500 व्हीएचा स्टेप-डाऊन घ्या, पण त्याचं आउटपुट 100 ते 110 व्होल्टच ठेवायला वाइंडिंगवाल्याला सांगा. 50 हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला गाभ्यातलं चुंबकत्व वीस टक्क्यांनी वाढतं. 120 दिले तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. अर्थिंगची तिसरी वायर कापलेली असेल तर आधी ती जोडा.

पहिल्यांदा चालू करताना पॉवर सप्लाय सोडून बाकी बोर्डांचे सगळे कनेक्टर काढून ठेवा, सोलेनॉइडचा (चेंडू ढकलणाऱ्या विद्युतचुंबकी कॉइलींचा) फ्यूज काढा आणि 230 च्या बाजूला 100 वॉटचा सिरीज बल्ब (यंत्राकडे जाणारी वीज ज्यातून जाते असा) लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग लॉजिकचे 5 व्होल्ट मोजा, 4.9 ते 5.2 चालतात. बरोबर असतील तरच बोर्ड जोडा. सोलेनॉइडचा फ्यूज सर्वांत शेवटी. तो घालताच एखादी कॉइल खटकन ओढून धरली गेली तर लगेच बंद करा: तिचा ट्रान्झिस्टर गेलेला आहे, आणि कॉइल बघता बघता जळते. फ्यूजच्या जागी तार गुंडाळायची आपली सवय इथे फार महागात पडते.

फ्लिपर मऊ पडलेत, चेंडू रॅम्पवर चढत नाही. कॉइल बदलू?
— एक वाचक, महाल

थांबा. जुन्या फ्लिपरच्या (चेंडू मारणाऱ्या दांडीच्या) यंत्रणेत, प्लेफील्डखाली, एक स्विच असतो. फ्लिपर पूर्ण उचलला गेला की तो उघडतो आणि जोरदार वाइंडिंग बंद पडतं. हे स्पर्शबिंदू काळे पडले की जोर जातो. ते टंगस्टनचे असतात, कानशीनं घासले तरी चालतं. स्विच उघडल्यावर फट 2 ते 3 मिलिमीटर ठेवा. उघडलाच नाही तर कॉइल भाजते. बाकीच्या पानपट्टी स्विचना मात्र कानस लावू नका, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा असतो. लग्नपत्रिकेचा जाड कागद अल्कोहोलमध्ये भिजवून मधून ओढा. एवढं करूनही मऊच, तर कॉइलमधली नायलॉनची नळी आणि प्लंजरचा (कॉइलमध्ये ओढल्या जाणाऱ्या लोखंडी दांड्याचा) दुवा बदला. कॉइलला शेवटी दोष द्या.

प्लास्टिकवरची चित्रं उडाली आहेत. पेंटरकडून भरून घेऊ का?
— एक वाचक, मानेवाडा

मूळ तुकड्यांना ब्रश लावू नका. 600 डीपीआयवर स्कॅन करा, साइनबोर्डवाल्याकडून दीड-दोन मिलिमीटरच्या पीईटीजी या चिवट पारदर्शक प्लास्टिकवर उलटी छपाई करून घ्या आणि तो संच यंत्रावर बसवा. अॅक्रिलिक स्वस्त पडेल, पण चेंडू 80 ग्रॅमचा आहे, तडा जातोच.

उन्हाळ्यात यंत्र कूलरच्या खोलीत ठेवलंय. चालेल ना?
— एक वाचिका, प्रतापनगर

झोतासमोर अजिबात नको. बाहेर कोरडं आणि खोलीत कूलरची दमट हवा, अशात प्लेफील्डचं प्लायवुड फुगतं-आकसतं आणि त्यात बसवलेल्या दिव्यांच्या रंगीत प्लास्टिक खिडक्या वर येतात. चेंडू तिथे उडी मारतो. चेंडूही गंजतो, आणि गंजका चेंडू प्लेफील्ड खरवडतो. बदली चेंडू बेअरिंगच्या दुकानात मागा: 1 पूर्णांक 1/16 इंच, क्रोम स्टील.