खुर्चीतून घसरणं टेकवतानाच सुरू होतं

प्रश्न : यजमानांची डावी बाजू अर्धांगवायूने लुळी आहे. वजन ७२ किलो. मुलगा मुंबईला, घरी मी एकटीच. हातपंपाच्या हॉइस्टने (माणसाला झोळीत टांगून उचलणाऱ्या यंत्राने) त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवते. पण अर्ध्या तासात ते पुढे घसरतात. मग काखेत हात घालून वर ओढते. काय चुकतंय?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, काखेतून ओढणं आजच थांबवा. लुळ्या खांद्याचे स्नायू सांधा धरून ठेवत नाहीत. ओढल्याने तो निसटतो, आणि तुमची कंबर जाते ती वेगळीच. घसरलेच, तर पुन्हा झोळी सरकवून हॉइस्टनेच उचला.

त्यांची बैठक खुर्चीच्या पाठीला न लागता सीटच्या मधोमध उतरत असणार. मग भार माकडहाडावर येतो, कातडी रेक्झिनला चिकटून राहते, हाड मात्र पुढे सरकतं. जखम होते ती इथेच.

झोळीचे खांद्याकडचे लूप (हुकात अडकवायचे फासे) आखूड आणि मांड्यांकडचे लांब लावा, म्हणजे ते निजल्यासारखे न लोंबता बसते होतील. लूपची लांबी रंगावरून कळते, म्हणून डावी-उजवीकडे रंग एकच हवा. मांडीचे पट्टे एकमेकांतून ओवा. गादीपासून दोन इंच उचलून थांबा, चारही लूप हुकात नीट बसलेत ना बघा. खुर्चीचे ब्रेक लावलेले, हॉइस्टचे पाय पसरलेले आणि चाकं मोकळी. यंत्राला तोल स्वतः साधू द्यावा लागतो. पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

आता खरी मेख. सीटला चार बोटं अंतर राहिलं की हॉइस्ट खाली सोडणारा व्हॉल्व्ह बंद करा. त्यांचं तोंड हॉइस्टच्या खांबाकडे असतं, म्हणून खांबाच्या बाजूला उभं राहून एक हात व्हॉल्व्हवर, दुसरा त्यांच्या गुडघ्यावर पोचतो. गुडघा मागे रेटत, कंबर खुर्चीच्या पाठीला लागेपर्यंत अगदी सावकाश सोडा. खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर रेटण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

बसल्यावर गुडघ्यामागे दोन बोटं जागा हवी. पाय लोंबत असतील तर खाली पाट द्या. डावा हात उशीवर. तासाभराने बैठकीची कातडी तपासा : लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल, तर त्या दिवशी बसवणं बंद आणि डॉक्टरांना दाखवा.

पडवीत न्यायचं असेल तर खुर्चीतूनच. टांगलेल्या माणसासह उंबरठा ओलांडू नका. खाऱ्या हवेत चाकांचे बोल्ट गंजतात, ते दर आठवड्याला पुसा. पावसात झोळी चुलीजवळ वाळवू नका, उष्णतेने धागा कमजोर होतो. शिवण एक टाकाही उसवलेली दिसली, तर ती झोळी वापरायची नाही.