ॲस्बेस्टॉसचा आजार आणि माजी सैनिकांची पेन्शन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

देवळाली, भगूर, नाशिक रोड, ओझर या पट्ट्यात गल्लोगल्ली माजी सैनिकांची घरं आहेत. ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांबद्दल त्यांच्याकडून जे प्रश्न येतात, त्यांत तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतात. काही व्हॉट्सॲपवरून आलेले, काही एजंटांनी पेरलेले. मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. लष्करी वैद्यकीय सेवेत असताना मेडिकल बोर्डाचं, म्हणजे सैनिकांचं अपंगत्व ठरवणाऱ्या मंडळाचं, कामही केलं आहे. प्रत्येकाची नोकरी वेगळी, रिपोर्ट वेगळे, आणि नियमही बदलत असतात. त्यामुळे इथलं उत्तर वाचून थेट अर्ज करू नका. आधी कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

सतरा वर्षं सिमेंटच्या पत्र्यांच्या क्वार्टरमध्ये राहिलो. आता खोकला सुरू झालाय. डिसेबिलिटी पेन्शन मिळेल का? (निवृत्त हवालदार, देवळाली कॅम्प)

नाही. त्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, पण धडधाकट पत्र्याखाली नुसतं राहिल्याने हा आजार होण्याची शक्यता नगण्य आहे. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर थुंकी तपासा आणि छातीचा एक्स-रे काढा. घरावर तसे जुने पत्रे असतील तर ते कापू नका, त्यांना ड्रिल मारू नका.

सीटी स्कॅनमध्ये 'प्ल्युरल प्लाक' आलेत. डॉक्टर म्हणतात काळजी नको. मग यावर पेन्शन मागता येईल का? (निवृत्त नौसैनिक, सिडको)

डॉक्टर बरोबर सांगताहेत. प्लाक म्हणजे फुप्फुसाच्या आवरणावरचे जाड डाग. त्यांनी बहुधा श्वासाला त्रास होत नाही. डिसेबिलिटी एलिमेंटसाठी (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) किमान २० टक्के अपंगत्व लागतं आणि नुसत्या प्लाकवर तेवढं मिळणं अवघड आहे. पण तो रिपोर्ट आणि सीडी जपून ठेवा. तुम्ही ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आला होतात, याचा तो शरीरातला पुरावा आहे. किती दिवसांनी तपासणी करायची ते छातीविकारतज्ज्ञांना विचारून ठरवा.

वडिलांना मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) झालाय. ते तोफखान्यात होते. एक एजंट म्हणतो, 'अमेरिकेच्या फंडातून' माजी सैनिकांना मोठी रक्कम मिळते, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा. भरावेत का? (नाशिक रोड)

एक रुपयाही भरू नका. इंटरनेटवर दिसणाऱ्या त्या जाहिराती अमेरिकेतल्या वकिलांच्या आहेत. तिथे त्यांच्या सैन्यात नोकरी केलेल्यांना त्यांचं माजी सैनिक खातं मेसोथेलिओमासाठी साधारणपणे १०० टक्के अपंगत्व धरून भत्ता देतं. शिवाय दिवाळखोरीत गेलेल्या तिथल्या ॲस्बेस्टॉस कंपन्यांनी भरपाईसाठी ट्रस्ट काढले आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाचा त्या भत्त्यावर काडीचाही हक्क नाही. कॅन्सरने खचलेल्या घरात शिरून असे पैसे उकळणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो. त्या माणसाने 'स्पर्श' या सैनिकी पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी घेतला असेल तर आजच पासवर्ड बदला, बँकेला कळवा आणि सायबर पोलिसांत तक्रार द्या. वडिलांचा आपल्याकडचा दावा उभा राहतो का, हे त्यांनी नोकरीत नेमकं काय काम केलं त्यावर ठरेल. त्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

मी जहाजाच्या बॉयलर रूममध्ये होतो. १९९६ साली निवृत्त झालो. आता ॲस्बेस्टॉसिसचं (ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसात व्रण धरण्याचा आजार) निदान झालंय. कोणी म्हणतं मुदत संपली, कोणी म्हणतं सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे आपोआप मिळतं. खरं काय? (सातपूर)

दोन्ही अर्धवट आहे. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आजाराचं समजून घ्या. ॲस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात खोल गेला की शरीराला तो विरघळवता येत नाही. त्याच्याभोवती हळूहळू व्रण धरत जातो. धूळ अंगावर घेतली त्यानंतर वीस-तीस वर्षांनी दम लागायला लागतो. मेसोथेलिओमाला तर चाळीस वर्षंही लागतात. आता नियम बघा. निवृत्तीनंतर उद्भवलेला आजार नोकरीमुळे झाला असं धरायला नियमांनी वर्षांची चौकट घातली आहे : १९८२ च्या नियमांत सात वर्षं, २००८ च्या नियमांत दहा. आजाराची प्रक्रिया नोकरीतच सुरू झाली होती आणि तो उशिरा प्रकट झाला, हे वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध करावं लागतं. दहा वर्षांची चौकट आणि तीस वर्षांनी उठणारा आजार यांचा मेळ बसत नाही. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ॲस्बेस्टॉससाठी ही चौकट बदलायला हवी. पण आज ती आहे. म्हणून तुमचा पहिला अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मोठी आहे, हे धरूनच कागद तयार करा.

सुप्रीम कोर्टाचा जो निकाल व्हॉट्सॲपवर फिरतो तो धरमवीर सिंग यांच्या खटल्यातला, २०१३ चा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि नोकरीतून बाहेर पडताना आजार असेल, तर तो नोकरीमुळे झाला असं गृहीत धरावं आणि तसं नसल्यास सरकारने सिद्ध करावं, असा त्याचा गाभा आहे. निवृत्तीनंतर तीस वर्षांनी आलेल्या आजाराला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तुमच्या बाजूने मांडण्याचा तो एक मुद्दा आहे, इतकंच.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. केसपेपरवर धुळीचा उल्लेखच नसतो. 'दम लागतो, धूम्रपान, जुना टीबी' एवढं लिहून पान संपतं. कितीतरी जणांना छातीत पाणी झालं म्हणून आधी टीबीच्या गोळ्या दिल्या जातात आणि त्यात महिने जातात. वाफेच्या जुन्या जहाजांवर पाइपांना पांढरं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं ॲस्बेस्टॉसचं आवरण, असायचं, वरून कापड शिवलेलं. रिफिटच्या, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीच्या, वेळी ते छिन्नी-हातोडीने फोडायचं. बंद कंपार्टमेंटमध्ये पांढरा धुरळा उडायचा, तो केसांत, कॉलरवर, चहाच्या मगात बसायचा. मास्क कोणाकडेच नसायचा. नौसैनिक हे सगळं मला तोंडी सांगतात, कागदावर मात्र एक ओळ नसते. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये फक्त ट्रेड आणि जहाजाचं नाव. जुन्या जहाजांत ॲस्बेस्टॉस किती असायचं याबद्दल कोणी शंका घेतली तर सांगा, फ्रान्सचं क्लेमांसो हे विमानवाहू जहाज गुजरातेत अलंगला तोडायला निघालं होतं, ते २००६ साली यावरूनच वाद होऊन माघारी बोलवावं लागलं.

म्हणून हे आधी करा. कोणत्या साली कोणत्या जहाजावर, कोणत्या कंपार्टमेंटमध्ये, हाताने काय काम केलं ते लिहून काढा. बरोबर काम केलेले जे सोबती हयात आहेत, त्यांची प्रतिज्ञापत्रं आत्ताच घ्या. तेही सत्तरी ओलांडलेले आहेत, हे विसरू नका. एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि डीएलसीओसह (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो याचं मोजमाप) फुप्फुसाची क्षमता चाचणी करा. छातीविकारतज्ज्ञांना विनंती करा, की आजार आणि तुमचं काम यांचा संबंध त्यांना पटत असेल तर तो स्पष्ट शब्दांत लिहून द्यावा. निवृत्तीच्या वेळचा मेडिकल बोर्डाचा फॉर्म हाताशी नसेल तर माहिती अधिकारात मागवा. आणि नाशिक रोडच्या आर्टिलरी रेकॉर्ड्समध्ये चकरा मारू नका, तिथे फक्त तोफखान्याचे कागद असतात. नौसैनिकांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला, ईएमईचं (सैन्याची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारा विभाग) सिकंदराबादला.

अर्ज फेटाळला तर आधी खात्याकडे अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. तिथे जायला अंतिम आदेशापासून सहा महिने असतात. उशीर माफ होऊ शकतो, पण थकबाकी बहुधा मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणण्यात तुमचेच पैसे जातात. रकमेचा अंदाज हवा असेल तर, १०० टक्के अपंगत्वाला डिसेबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतं आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याची, म्हणजे ५० च्या आतली ५० धरण्याची तरतूद आहे. ती तुम्हाला लागू होते का, हे रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या. लष्करी प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला एकदा सगळे कागद दाखवा. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्याला दाखवू नका.

मी ईएमईत ब्रेक-क्लचचं काम केलं. शिवाय बिडी ओढायचो. बिडीचं लपवू का? (निवृत्त नायक, भगूर)

लपवू नका. खोटं सापडलं तर खऱ्यावरही विश्वास राहत नाही. बिडीने ॲस्बेस्टॉसिस होत नाही, मेसोथेलिओमाही होत नाही, त्यामुळे या दोन आजारांत तुमचं बिडी ओढणं हे उत्तर होऊ शकत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरचं वेगळं आहे. बिडी आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही असले की धोका कित्येक पटींनी वाढतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं हे खरं, पण त्या कामातला संपर्क जहाजावरच्यापेक्षा बराच कमी धरला जातो आणि दावा सिद्ध करणं त्यामानाने कठीण असतं. तुमचं निदान काय ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते तज्ज्ञांकडून पक्कं करा. आणि बिडी अजून चालू असेल तर ती आज सोडा.

विमानांच्या कारखान्यात नागरी कामगार होतो. मलाही लागू आहे का? (ओझर)

माजी सैनिकांच्या योजना तुम्हाला लागू नाहीत. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य आजार आहे, त्यामुळे तुमचा मार्ग कामगार भरपाईचा किंवा ईएसआयचा (कामगार राज्य विमा). ॲस्बेस्टॉस उद्योगांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवाव्यात, असा आदेश सुप्रीम कोर्टाने १९९५ साली दिला आहे. तुमच्या कारखान्याला तो कितपत लागू होतो, ते कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा.

पती चार महिन्यांपूर्वी गेले. बायोप्सीत मेसोथेलिओमा आला होता, पण मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' लिहिलंय. आता काही करता येईल का? (सिन्नर)

ताई, करता येईल, पण थांबू नका. साधं कुटुंब निवृत्तिवेतन तुमच्या हक्काचं आहे. ते सुरू झालं नसेल तर आधी ते करून घ्या. मृत्यू नोकरीमुळे झालेल्या आजाराने झाला हे मान्य झालं, तर स्पेशल फॅमिली पेन्शनचा प्रश्न येतो. साधं साधारणपणे पगाराच्या ३० टक्के, स्पेशल ६० टक्के. ते मिळवताना सातपूरच्या वाचकाला सांगितलेल्या सगळ्या अडचणी तुम्हालाही येतील.

हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. ते मृत्यूचं मूळ कारण नव्हे आणि डॉक्टरांनी तेवढंच लिहून मोकळं होणं चूक आहे. ज्या हॉस्पिटलमध्ये ते गेले तिथे मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचा फॉर्म ४ भरलेला असतो. त्यात मूळ आजार लिहिला आहे का ते बघा, नसेल तर दुरुस्तीसाठी लेखी अर्ज द्या. दुसरं, बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणात बसवून ठेवलेला असतो, काडेपेटीपेक्षाही लहान ठोकळा. लॅब तो कायम ठेवत नाही. रिपोर्टवरचा नंबर सांगून तो ठोकळा आणि स्लाइड्स पावती घेऊन ताब्यात घ्या. उद्या निदानावर कोणी शंका घेतली तर तो पुन्हा तपासता येतो. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच भरा. 'फाइल पुढे सरकवतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका.

सात वर्षांनी सैन्य सोडलं, पेन्शन नाही. ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) उपचार होतील? (निफाड)

बहुतेक नाही. गंभीर आजारासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पेन्शन नसलेल्यांना मदत मिळते, ती जिल्हा कार्यालयातून मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही विचारा.

रात्री दम लागला म्हणून आईने वडिलांना जवळच्या, ईसीएचएसच्या यादीत नसलेल्या हॉस्पिटलमध्ये नेलं. बिल मिळेल का? (इंदिरानगर)

खरी इमर्जन्सी असेल तर मिळू शकतं, पण ४८ तासांत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं आणि रक्कम ठरलेल्या दरानेच मिळते. कळवलं नसेल तर आजच जाऊन प्रभारी अधिकाऱ्यांना भेटा.