वायरमनकडे नेली की गाडी शहाणी

प्रश्न : काका नमस्कार, कराडला आमचा केटरिंगचा छोटा धंदा आहे आणि 2005 ची पेट्रोल व्हॅन आहे, पुढच्या सीटखाली इंजिन असतं ती. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पण हॉलवर जाऊन पातेली उतरवली, दहा मिनिटं थांबलो आणि चावी फिरवली की नुसतं टक्क, कधीकधी तेही नाही. अर्ध्या तासाने काही झालंच नव्हतं अशी चालू. नवीन बॅटरी टाकली, सेल्फची मोटर उतरवून तिचे कार्बन बदलले, साडेसहा हजार गेले. वायरमनकडे नेली की हमखास चालू होते, तो म्हणतो दादा गाडीला काहीच नाही. परवा तर वऱ्हाडी मंडळींनी धक्का मारून दिला. काय करू?

उत्तर : वायरमनचं चुकत नाही हो, त्याच्यासमोर गाडी चालू होतेय तर तो शोधणार काय? असला फॉल्ट आला असतानाच मोजायचा असतो, तोपर्यंत एक रुपयाचाही पार्ट बदलू नका. व्होल्ट मोजायचा चार-पाचशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या, गाडीतच ठेवा. पुढच्या वेळी अडली की आधी हेडलाइट लावून चावी फिरवा. लाइट एकदम मंद झाला तर बॅटरीचे टर्मिनल, जाड केबल नाहीतर सेल्फच जाम. लाइट तसाच लख्ख राहिला तर बहुधा सेल्फपर्यंत हुकूमच नीट पोचत नाहीये. मग सेल्फच्या सोलेनॉइडवर (चावी फिरवली की सेल्फला जोडून देणारा चुंबकी स्विच) जी बारीक वायर येते तिच्यावर, चावी फिरवून धरलेली असताना, किती व्होल्ट येतात ते बघा, आणि त्याच वेळी बॅटरीवर किती ते पण. त्यासाठी त्या वायरला आधीच एक वायर जोडून, मध्ये छोटा फ्यूज टाकून, केबिनमध्ये आणून ठेवा, म्हणजे भर उन्हात रस्त्यावर सीट उचलत बसायला नको.

हे आम्ही गेल्या महिन्यात पत्राने कळवलं होतं, आणि यांनी खरंच मोजलं (सहसा कोणी मोजत नाही, थेट दुसरी बॅटरी घेतात). त्यांचे आकडे आले म्हणून सगळंच छापतोय.

प्रश्न : काका, हॉलवर अडली तेव्हा लाइट लख्खच होता. बॅटरीवर 12.3 आणि बारीक वायरवर फक्त 7.6 व्होल्ट. मग स्टीअरिंगखाली हात घालून चावीच्या स्विचवर मोजलं, आत येणाऱ्या वायरला 12.1, बाहेर जाणाऱ्या वायरला 8.4.

उत्तर : झालं की मग, चोर सापडला! वाटेत एकूण 4.7 व्होल्ट गायब आहेत, त्यातले 3.7 एकट्या इग्निशन स्विचने खाल्ले, 0.8 पुढच्या वायरीत आणि तिच्या जोडात, म्हणजे कपलरमध्ये गेले, उरलेले 0.2 सोडून द्या. सोलेनॉइड ओढून घ्यायला सुरवातीला भरपूर करंट मागतो आणि तो सगळा या स्विचच्या आतल्या टिचभर कॉन्टॅक्टमधून जातो. इतक्या वर्षांत ते जळून काळे पडलेत. सकाळी का चालते? सोलेनॉइडची कॉइल तांब्याची, आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण 0.4 टक्के वाढतो, म्हणजे सीटखालच्या त्या भट्टीत 50 डिग्रीने तापली की 20 टक्के वाढला, मग करंट कमी आणि ओढही कमी. थंड असताना कमी व्होल्टेजवरही कसाबसा ओढतो, तापल्यावर तेवढ्यात भागत नाही, नुसतं टक्क. अर्ध्या तासात थोडं निवतं, की गाडी चालू. आणि वायरमनच्या दारात पोचेपर्यंत किंवा त्याचा नंबर लागेपर्यंत ती निवलेलीच असणार.

आता दोन कामं. एक, स्विच बदला, पण बऱ्याच गाड्यांत चावीचं कुलूप आणि मागचा इलेक्ट्रिकचा भाग वेगळे असतात, तेव्हा आधी विचारा, उगाच अख्खा लॉकसेट गळ्यात पडायचा. दोन, 40 अँपियरचा चार पिनांचा रिले (थोड्याशा करंटवर मोठा करंट जोडून देणारा स्विच) टाकून घ्या. जुनी बारीक वायर रिलेच्या 86 नंबरच्या पिनला, 85 अर्थला, 30 ला बॅटरीची थेट वायर 30 अँपियरच्या फ्यूजमधून, आणि 87 वरून सोलेनॉइडला. मग स्विचला फक्त रिलेची कॉइल ओढायची, त्याला पाव अँपियरसुद्धा पुष्कळ झाला. काहीजण रिले टाकून स्विच तसाच ठेवतात, सेल्फ चालतोही, पण इंजिनचा इग्निशन सप्लायपण त्याच स्विचमधून जातो आणि तो घाटात दगा देऊ शकतो, म्हणून दोन्ही करा.

आणि कोणी सांगेल स्क्रूड्रायव्हरने सेल्फ डायरेक्ट कर, तर नको. गाडी गिअरमध्ये राहिली तर अंगावर येते, गॅस किट असेल तर ती ठिणगी परवडणारी नाही.

चावीच्या जुडग्यात गोडाऊनच्या, कपाटाच्या चाव्या लटकवल्या असतील तर त्या काढा, नव्या स्विचला तो हेलकावा कशाला. जुना स्विच मात्र तिथेच टाकून येऊ नका, घरी आणून उघडा आणि आतली पट्टी किती काळी पडलीय त्याचा फोटो पाठवा, छापू.