फुकट काही द्यायचं नाही

प्रिय नऊ नंबर,

तुमच्या रग्बीच्या सामन्याचा व्हिडिओ दोनदा पाहिला आणि तुझा मेसेजही वाचला. "आम्ही दोनदा चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून ट्राय केले, त्यांनी एकदाही नाही, तरी १५-१२ हरलो. मग चांगलं खेळायचं तरी कशाला?" वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. वाईट वाटलं कारण फ्रान्सच्या बास्क मुलखातल्या छोट्या गावाच्या क्लबाकडून खेळणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. राग आला कारण याचं उत्तर बायोनच्या तुझ्या खोलीपासून जवळच आहे, बिआरित्झच्या आगिलेरा मैदानावर, आणि वर्षभरात तू तिकडे फिरकलाही नाहीस.

बिआरित्झची वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. त्या गावाचा क्लब २००२, २००५ आणि २००६ मध्ये फ्रान्सचा विजेता झाला आणि युरोपच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोनदा पोचला. २००६ मध्ये कार्डिफला समोर होता मन्स्टर, म्हणजे आयर्लंडचा अख्खा प्रांत. २०१० मध्ये पॅरिसला तुलूझ. निकाल २३-१९ आणि २१-१९. दोन्ही वेळा यांचे एकोणीस, आणि दोन्ही हार मिळून अंतर फक्त सहा गुणांचं.

आता २०१०चा सामना नीट बघ. तुलूझने एकही ट्राय केला नाही. त्यांचे एकवीस गुण म्हणजे सात वेळा तीन, सगळे पेनल्टी (नियम मोडल्याबद्दल मिळालेली किक) आणि ड्रॉप गोलचे (खेळताना चेंडू जमिनीवर टेकताच खांबांमधून मारलेली किक). ट्राय केला तो बिआरित्झने, कारमायकल हंटने, शेवटच्या दहा मिनिटांत. म्हणजे तुझ्या मेसेजमधली तक्रार जशीच्या तशी, फक्त ऐंशी हजारांच्या स्टेडियममध्ये. मोठा संघ तुमच्याकडून जिंकून घेतो त्यापेक्षा जास्त फुकट घेतो. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, आणि ते तुला या पत्रात पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल: फुकट काही द्यायचं नाही.

तुमच्या सामन्यात मी १४ पेनल्टी मोजल्या. त्यातल्या नऊ तुमच्याच अर्ध्यात, आणि त्या नवांतल्या पाचांवर त्यांच्या किकरने पंधरा गुण घेतले. ट्राय कमी पडले असं तुला वाटतं. नाही रे बाबा, ट्राय भरपूर झाले.

त्या नवांतल्या चार टॅकलनंतर, म्हणजे चेंडूवाल्याला पाडल्यावर, न हटल्याच्या. टॅकल केलास की तू बहुतेक वेळा त्यांच्या बाजूला पडतोस. तिथे हात वर करून "मी निर्दोष" असं दाखवत पडून राहिलं की रेफरी शिट्टी वाजवणारच, कारण तिथून चेंडू उचलून पास देणाऱ्या त्यांच्या नऊ नंबरच्या वाटेत तू आहेस. पडल्या पडल्या गुडघे पोटाशी घे आणि टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेच्या, दिशेने खांद्यावरून लोळ. मागे सरकत राहिलास तर त्यांच्या पायांत अडकशील. आणखी दोन रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीत, हात घातल्याच्या. चेंडू हिसकायचा तर आधी टॅकल झालेल्या माणसावरचे हात सोड, रेफरीला दिसेल असे सोड, आणि मग पायांवर उभं राहून चेंडूवर जा. त्यांचा सोबती पोचला आणि रक झाला की नवा हात घालायचा नाही. तुमचा आठ नंबर प्रत्येक रकमध्ये नशीब आजमावतो. त्याला सांग, हा मटका नाही. तीनदा हात मारून एकदा चेंडू मिळतो, एकदा काहीच मिळत नाही आणि एकदा तीन गुण जातात. स्वतःच्या पंचेचाळीस मीटरच्या आत हा व्यवहार तोट्याचा आहे.

दोन ऑफसाइडच्या, म्हणजे रेषेच्या पुढे उभं राहिल्याच्या. ही तर शुद्ध उधळपट्टी! रकमधल्या शेवटच्या पायाच्या रेषेवर उभं राहायचं नसतं, एक पाऊल मागे राहायचं. त्यात जमीन जाते एक मीटर, आणि वाचतात तीन गुण. ती रेषा राखायला ओरडायचं काम नऊ नंबरचं, म्हणजे तुझं. व्हिडिओत तुझा आवाज पहिल्या पंधरा मिनिटांनंतर ऐकूच येत नाही.

नवव्या पेनल्टीबद्दल मी तुला एकट्याला दोष देणार नाही, पण ती तुझीच. दोघांनी मिळून एकाला धरलंत. कबड्डीत साखळी करून पकडायची सवय हाडात मुरलेली असते हे कबूल. पण फ्रान्सच्या हौशी रग्बीत २०१९ पासून टॅकल कंबरेच्या वर चालत नाही आणि दोघांनी मिळून केलेलाही चालत नाही. कबड्डीतली घोट्याची पकड इथे सोनं आहे, साखळी मात्र पेनल्टी. खाली जा आणि एकटा जा.

स्क्रमचं, म्हणजे आठ-आठ जणांच्या त्या रेटारेटीचं, दुखणं वेगळं. मोठ्या क्लबाकडे बाकावर बसलेली पुढची फळीही सुरुवातीच्या फळीइतकीच तगडी असते. साठाव्या मिनिटाला ते तीन ताजी माणसं आणतात आणि पुढच्या फळीतले तुमचे प्रॉप गुडघ्यांवर येतात. तिथे शौर्य दाखवू नका. चेंडू तुमचा असेल तर तो पहिल्याच वाटेने, फळीच्या मधल्या हूकरच्या टाचेवरून सरळ मागे, दोन सेकंदांत बाहेर. स्क्रमच्या मागच्या टोकाच्या आठ नंबरच्या पायाशी चेंडू ठेवून पेनल्टीची वाट बघणं ही ताकदवानांची चैन आहे. चेंडू त्यांचा असेल तर सरळ ढकला, वळू नका, चेंडू चोरायचा विचारही करू नका. स्क्रम दोन मीटर मागे गेला तरी चालेल, कोसळला की शिट्टी.

आता तुझ्या कामाचं. पेनल्टी म्हणजे डोळ्यांना दिसणारं फुकट. न दिसणारं फुकट म्हणजे आंधळी बाजू, स्क्रमपासून जवळच्या टचलाइनपर्यंतची अरुंद जागा. २००६चा सामना याच्यावरच फिरला. बिआरित्झचा विंगर, म्हणजे कडेचा खेळाडू, बोबो, ज्याने त्या दिवशी सुरुवातीलाच ट्राय केला होता, तो हळूहळू आत सरकायला लागला होता. मन्स्टरचा नऊ नंबर पीटर स्ट्रिंगरने ते हेरलं. स्क्रममधून पास देण्याचा आव आणला आणि अरुंद बाजूने स्वतःच पळत जाऊन चेंडू टेकवला. इतका लहानखुरा माणूस, आणि त्याला अडवायला तिथे कुणी नाही! त्यांच्या स्क्रमला त्या बाजूला दहा-बारा मीटर जागा असेल तर तुमच्या विंगरला एकच नियम सांग: चेंडू त्यांच्या दहा नंबरच्या हातातून पुढे जाईपर्यंत आत यायचं नाही. त्या बाजूच्या फ्लँकरने, स्क्रमच्या कडेला बांधलेल्या गड्याने, चेंडू बाहेर पडेपर्यंत बांधणी सोडायची नाही. आणि तू त्यांच्या नऊ नंबरच्या कंबरेकडे बघ. हात फसवतात, कंबर वळते तिकडेच माणूस जातो.

तिसरं फुकट म्हणजे वाईट किक. तुमच्या बावीस मीटरच्या रेषेच्या आतून सुटायला चेंडू एकदा पुढे न्या, फार तर दोनदा, टचलाइनपासून पाच ते पंधरा मीटरच्या पट्ट्यात. रकच्या मागे दोन माणसं लागोपाठ जोडून तुझ्यासमोर भिंत करतील. रेफरीने चेंडू खेळायला सांगितल्यापासून पाच सेकंद मिळतात, त्यातली तीन तुझी समज. किक पंचवीस मीटर लांब आणि चार सेकंद हवेत. लांबी वाढली आणि उंची घटली की सर्वांत मागे उभा असलेला त्यांचा फुलबॅक धावत चेंडू घेतो, आणि मग तुमच्या दोन ट्रायची फुशारकी संपते. चेंडूखाली पोचणारा विंगर तुझ्या पायाच्या मागे असला पाहिजे. पुढे उभा असेल तर ऑफसाइड, म्हणजे पुन्हा फुकट. आणि चेंडू तुम्हीच मागे बावीसच्या आत नेला असेल तर सरळ बाहेर मारू नका. लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू परत आत टाकणं, जिथून मारला त्याच रेषेवर होतो. हे तुला माहीत आहे. एकतिसाव्या मिनिटाला मात्र विसरलास.

हे सगळं कंटाळवाणं आहे, असं तू लिहिशील. लिही. बिआरित्झनेच सेर्ज ब्लाँको घडवला, फुलबॅकच्या जागेवरून स्वतःच्या गोलरेषेपासून पळत सुटणारा माणूस. त्याच्याइतका देखणा खेळ त्या किनाऱ्याने पुन्हा पाहिला नाही. फ्रान्सच्या विजेत्याला मिळणारी ब्रेन्युस ढाल त्याला कधीच मिळाली नाही. १९९२चा अंतिम सामना, त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा, तुलाँने १९-१४ जिंकला. ढाल आली ती नंतरच्या, हिशेबी संघाला. २०१२ मध्ये त्याच तुलाँला बिआरित्झने युरोपच्या दुसऱ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात २१-१८ हरवलं, आणि त्या सामन्यात ट्राय एकही झाला नाही. यावर मला कुणी कंजूष म्हणो. वर्षानुवर्षं हेच सांगत आलोय आणि आता बदलणार नाही.

आनोएता मैदानाचे आकडे बघ. मोठे सामने बिआरित्झ सीमेपलीकडे सान सेबास्तियानला नेत असे, कारण आगिलेरात तेवढी माणसं मावत नाहीत. २००६ मध्ये तिथे इंग्लंडच्या सेल क्लबाला सहाच गुण दिले, बाथला नऊ. २०१०च्या उपांत्य सामन्यात मन्स्टरला सात. तीन तगडे संघ, मिळून बावीस गुण. त्याच वर्षी वेल्सच्या ऑस्प्रेजला अठ्ठावीस दिले आणि एका गुणाने वाचले. तो सामना माझ्या बाजूने साक्ष देत नाही, म्हणून मी त्याचा उल्लेख सहसा टाळतो.

हा हिशेब पैशाला पुरत नाही, हेही लपवत नाही. २०१४ मध्ये क्लब वरच्या विभागातून खाली गेला. २०२१ मध्ये शेजारच्या बायोनला हरवून वर आला, आणि पुढच्याच वर्षी तळाला राहून पुन्हा खाली. पण २०२१चा तो सामना तुझ्यासाठी महत्त्वाचा आहे. जादा वेळेनंतरही ६-६, मग किकांची चढाओढ, आणि बिआरित्झचा विजयी किक मारला स्टेफॉन आर्मिटेजने. तो फ्लँकर होता! तुमच्या क्लबात गोलवर किक मारणारे किती? एक. तो लंगडत बाहेर गेला तर?

तेव्हा मंगळवार-शुक्रवारच्या सरावानंतर पंधराही जणांनी बावीसच्या रेषेवरून, खांबांच्या बरोबर समोरून, पाच-पाच किक मारायचे. प्रॉपनेसुद्धा. हसतील, हसू दे. बुटाची नाडी बाजूला बांध, चेंडू ठेवायची टी नेहमी तीच वापर. पेनल्टीच्या किकला साठ सेकंद मिळतात. तुमचा किकर पंचवीस सेकंदांत उरकतो. बाकीचे पस्तीस तो कुणाला दान करतो?

बरगडीचं आईला अजून सांगितलं नाहीस, असं तुझ्या बहिणीकडून कळलं. आजच फोन कर. श्वास घेताना टोचत असेल तर या आठवड्यात टॅकलचा सराव बंद, फक्त पास आणि किक.

पुढच्या रविवारी निकाल कळवायची घाई करू नकोस. कागदावर मैदान काढ, चार पट्टे पाड, आणि प्रत्येक पेनल्टी कुठे, कितव्या मिनिटाला, कुणाची, ते लिहून फोटो पाठव. नऊ नंबरच्या नावापुढे किती खुणा आहेत ते मी आधी बघणार आहे.