फायबरची बॉडी, लोखंडी चासी आणि मधला बोल्ट

प्रश्न : किट कारची (सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी) फायबरग्लासची बॉडी चौकोनी पाइपच्या चासीवर बसवायची आहे. जोडाच्या जागा १४ आहेत, किटमध्ये बोल्ट आलेले नाहीत. १२.९ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा आकडा, मोठा तितका मजबूत) घ्यावेत की स्टेनलेसचे?

उत्तर : १२.९ विसरा. इथे बोल्ट तुटत नाही, फायबर चिरडतं. एम८ आकाराचा (८ मिलिमीटर व्यासाचा) ८.८ ग्रेडचा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळला की दीड टनाहून जास्त दाब देतो. ३-४ मिलिमीटरच्या फायबरला तो झेपत नाही. आज घट्ट वाटलेला जोड काही महिन्यांत ढिला पडतो, कारण दाबाखाली फायबर हळूहळू बसतं. मग बॉडी हलते, भोक लांबट होतं आणि वरच्या जेलकोटला (फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर) चांदणीसारख्या भेगा जातात.

म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला ८.८ ग्रेडचा एम८ पुरे. खर्च वॉशरवर करा. नेहमीचा १६ मिलिमीटर व्यासाचा वॉशर नको, ३० मिलिमीटरचा घ्या. भोक १० मिलिमीटरचं असेल तर टेकण्याची जागा पाचपट होते. मात्र तो निदान २ मिलिमीटर जाड हवा. पातळ वॉशर बशीसारखा वाकतो आणि सगळा भार पुन्हा भोकाच्या काठावर येतो.

बॉडी आणि चासीच्या मध्ये ३ मिलिमीटर जाड ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणाऱ्या) रबराची पट्टी ठेवा. ज्या जागी जास्त भार आहे (दाराच्या बिजागरीजवळ, मागच्या भिंतीशी) तिथे पोकळ बुश (बोल्टभोवती बसणारी धातूची छोटी नळी) घाला : आतून ८.५, बाहेरून १२ मिलिमीटर. बॉडीचं भोक मग १३-१४ मिलिमीटरचं लागेल. बुशची लांबी बॉडी आणि रबराच्या एकूण जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवा. बॉडी ५, रबर ३, तर बुश ७.५. बोल्ट पूर्ण आवळला तरी भार बुशवर जातो, फायबरवर नाही. बुश नसलेल्या जागी ८ ते १० न्यूटन-मीटरवर थांबा. काउंटरसंक (खाली निमुळत्या, भोकात बुडणाऱ्या) डोक्याचे बोल्ट इथे अजिबात नकोत. त्यांचा उतार पाचरीसारखा फायबर फाडतो.

भोक पाडताना मास्किंग टेप लावा, जेलकोटच्या बाजूने आधी ३ मिलिमीटरचा ड्रिल मारा, मागे लाकूड धरा. भोक काठापासून बोल्टच्या व्यासाच्या तिप्पट आत, म्हणजे एम८ला २४ मिलिमीटर. तोंडाला मास्क हवाच.

सगळे बोल्ट आधी सैल बसवा. दारांच्या फटी जुळवा, कमी पडेल तिथे शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला, आणि मगच मधून टोकांकडे आवळत या. वाकडी बॉडी बोल्टने ओढून सरळ करायचा मोह फार होतो. काचेच्या कोपऱ्याला पडलेली भेग बहुतेक वेळा तिथूनच आलेली असते.

प्रश्न : चासीच्या पाइपला थेट आरपार भोक पाडून बोल्ट घालू का?

उत्तर : १.६ मिलिमीटर जाडीचा पाइप आवळताच आत दबतो. आत नळी वेल्ड करा, किंवा पाइपवर ब्रॅकेट वेल्ड करून त्यातून बोल्ट घ्या. हलक्या पॅनेलसाठी रिव्हेट नट (एकाच बाजूने भोकात दाबून बसवायचा नट) चालतो. एम६ला ९ मिलिमीटरचं भोक लागतं, ते थोडंही मोठं झालं की नट जागच्या जागी फिरतो. सीटबेल्टचे आणि सीटचे बोल्ट मात्र बॉडीला नाही, चासीला वेल्ड केलेल्या जाड प्लेटला.

प्रश्न : स्टेनलेसचा नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, ढिला न पडणारा) अर्ध्यात अडकला, ना पुढे ना मागे.

उत्तर : आटे एकमेकांना चिकटले. आता कापूनच काढावा लागेल. पुढच्या वेळी अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा, इम्पॅक्ट गनऐवजी हातपान्याने सावकाश आवळा आणि टॉर्क थोडा कमी ठेवा, कारण वंगणामुळे त्याच टॉर्कला दाब वाढतो. एकदा काढलेला नायलॉक पुन्हा वापरू नका. एक्झॉस्टजवळ नायलॉन मऊ पडतं, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट लावा.