परवडणारं आणि गातं-वाजतं शहर

प्रश्न : मी व्हायोलिन वाजवते, माझा जोडीदार चित्रकार आहे. भाडं परवडेल आणि कलावंतांची सोबतही मिळेल, असं शहर कसं शोधावं?

उत्तर : महोत्सवांच्या जाहिराती बाजूला ठेवा. महोत्सव संपला की मांडव उठतो, तुम्हाला तिथे वर्षभर राहायचंय. मी स्वतः वाजवणारी आहे, म्हणून आधी आडवारचे कार्यक्रम बघते. मंगळवारी संध्याकाळी छोट्या जागेत स्थानिक कलाकार वाजवताहेत आणि लोक तिकीट काढून येताहेत, तर त्या शहरात जीव आहे!

मग संगीत महाविद्यालय शोधा. त्याच्याभोवती साथीदार, शिकवण्या, वाद्यं दुरुस्त करणारे आपोआप जमतात. जर्मनीतलं लाइपझिग घ्या. संगीतकार मेंडेल्सोननं १८४३ मध्ये तिथे संगीत विद्यालय काढलं, ते आजही चालू आहे. १९९० नंतर कारखाने बंद पडले, माणसं निघून गेली, घरं ओस पडली. भाडी उतरली म्हणून कलावंत आले. जुन्या सूतगिरणीत आता चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. पुढे तिथलीही भाडी चढली. न्यूयॉर्कच्या सोहो या भागात हेच आधी घडलं होतं. म्हणून गाजलेल्या शहराऐवजी त्याच्या शेजारचं, रेल्वेनं जोडलेलं शहर धुंडाळा.

युनेस्कोची सर्जनशील शहरांची यादी चाळा, पण ती भाडं सांगत नाही.

हिशेबात रियाजाची खोली आणि स्टुडिओ दोन्ही धरा. घरमालकाकडून वाजवण्याच्या वेळा करारात लिहून घ्या, आणि जमल्यास आधी महिनाभर राहून पाहा.